समुद्रोल्लंघनाचे आधुनिक प्रायश्चित्त

परदेशी जाऊन शिकणे हा महाराष्ट्रीय मध्यमवर्गाच्या आयुष्यातला एक संस्कार मानला, तर त्याचा विधी जाण्याच्या बाजूने जितका तपशीलवार ठरलेला आहे तितका परतण्याच्या बाजूने ठरलेला नाही, हे थोड्या निरीक्षणानेही ध्यानात येते. जाणाऱ्याचे औक्षण होते, पेढे वाटले जातात, थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी काट्यावर तोलून तेवीस-तेवीस किलोंच्या बॅगांत बसवली जाते, आणि एका प्रवाशाला निरोप देण्यासाठी मध्यरात्री मुंबईच्या विमानतळावर सात-आठ माणसे जातात, ज्यांपैकी निदान दोघांचा त्या प्रवाशाशी नेमका काय संबंध आहे हे त्यालाही ठाऊक नसते. दोन वर्षांनी तोच प्रवासी सुट्टीवर आला तर हीच मंडळी पुन्हा जमतात. परंतु तो कायमचा परत आला, तर त्याला कोणत्या खात्यावर जमा करावे हे कुटुंबाला कळत नाही, आणि त्याला आणायला वडील व भाड्याची एक गाडी एवढाच लवाजमा जातो. द्रुतगती मार्गावर खालापूरला वडापाव खाताना दोघेही हवामानावर बोलतात.

पूर्वी अशी अनिश्चितता नव्हती. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना 'पतनीय' कर्मांत, म्हणजे माणसाला त्याच्या पायरीवरून खाली आणणाऱ्या कृत्यांत, केलेली असून उपायही तेथेच सांगितला आहे: तीन वर्षेपर्यंत दर चौथ्या जेवणाच्या वेळीच आणि तेही मोजके खावे, दिवसातून तीनदा स्नान करावे, दिवस उभ्याने आणि रात्र बसून काढावी. (उपनगरातून लोकलने नोकरीला जाणाऱ्या तरुणाच्या हातून यातले त्रिकाळ स्नान वगळता बाकी सारे आजही घडते, पण त्याचे पुण्य कोणी मोजत नाही.) पुढच्या निबंधकारांनी 'कलिवर्ज्य' नावाची एक यादी तयार केली, पूर्वीच्या युगांत चालत असले तरी कलियुगात टाळावेत असे आचार तिच्यात नोंदवलेले असतात, आणि त्यांत समुद्रावरून जाऊन आलेल्या द्विजाला, त्याने प्रायश्चित्त घेतलेले असले तरी, व्यवहारात सामावून घेऊ नये असेही एक कलम आहे. माणूस शुद्ध झाला हे मान्य, पण पंक्तीला नको, असा त्याचा मथितार्थ होतो. आजच्या आत्या-मावश्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचले असण्याचा संभव कमी आहे, तरीही त्यांची भूमिका या कलमाशी इतकी मिळतीजुळती आहे की परंपरा ग्रंथांवाचूनही टिकते या मताला त्यातून बळकटी मिळते.

एकोणिसाव्या शतकात विलायतेला जाणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा शास्त्राने व्यवहाराशी तडजोड केली, आणि क्षौर, तीर्थस्नान, पंचगव्य (गाईचे दूध, दही, तूप, मूत्र व शेण यांचे मिश्रण) आणि अखेर जातीला जेवण एवढ्यावर प्रकरण मिटू लागले. १८९१ साली बॅरिस्टर होऊन आलेल्या मोहनदास गांधींना त्यांच्या थोरल्या भावाने राजकोटला नेण्याआधी नाशिकला नेऊन तीर्थात स्नान घडवले आणि राजकोटला पोहोचल्यावर जातीला जेवण घातले. जातीतला एक गट एवढ्याने निवळला, दुसरा निवळला नाही. या पद्धतीत माणसाची अवहेलना होती आणि ती गेली हे चांगलेच झाले, यात शंका नाही. परंतु तिचा एक गुण असा की ती संपत असे. स्नान झाले, पाने उठली, दक्षिणा पोचली, की किमान निवळलेल्या गटापुरता तरी विषय मिटत असे. आधुनिक समाजाने प्रायश्चित्त रद्द केले असे सांगितले जाते ते तितकेसे खरे नाही. त्याने ते हप्त्यांवर दिले आहे.

गांधींचे उदाहरण आणखी एका कारणासाठी उपयोगी पडते, ते असे की परतलेल्याचे पुढचे बहुतेक सारे अध्याय त्यात बीजरूपाने सापडतात. विलायतेहून येताना त्यांनी राजकोटच्या घरात चहा-कॉफीला पर्याय म्हणून कोको आणि ओटची लापशी आणली. प्रत्यक्षात चहा आणि कॉफी आपापल्या जागी राहिली आणि खर्चात कोकोची भर पडली. आजचा पदवीधरही ओट्सचा डबा घेऊनच येतो, त्याचे गुण घराला समजावतो, आणि तिसऱ्या दिवशी आई त्याच ओट्सना कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता व मोहरीची फोडणी देऊन त्यांचा उपमा करते, ज्यामुळे पाश्चात्त्य आहारशास्त्राचा प्रश्न कायमचा निकालात निघतो. दुसरा अध्याय नोकरीचा. मुंबईत वकिली चालेना म्हणून गांधींनी एका शाळेत रोज तासभर इंग्रजी शिकवण्याच्या, पंचाहत्तर रुपये पगाराच्या जागेसाठी प्रयत्न केला; लंडनची मॅट्रिक झालेल्या, लॅटिन शिकलेल्या या बॅरिस्टराला मुख्याध्यापकांनी तो भारतातल्या अर्थाने पदवीधर नाही म्हणून परत पाठवले.

ही अडचण आज 'समकक्षता' या नावाने ओळखली जाते. समकक्षता म्हणजे परदेशी विद्यापीठाने दिलेली पदवी येथल्या अमुक पदवीच्या तोडीची आहे असे येथल्या अधिकृत संस्थेने लिहून देणे, आणि अनेक दशके हे काम भारतीय विश्वविद्यालय संघ करत आला आहे. वैद्यकीय पदवीधरांसाठी तर २००२पासून स्वतंत्र चाळणी परीक्षाच आहे. तीनशे प्रश्नांपैकी दीडशे बरोबर आल्याशिवाय परदेशात झालेल्या डॉक्टराला येथे नाडी धरता येत नाही. हा नियम रुग्णाच्या हिताचा आहे, म्हणून त्यावर हसण्याचे कारण नाही. हसू येते ते दुसऱ्या टोकाला. जी पदवी कचेरीच्या खिडकीवर अपुरी ठरते तीच सोसायटीच्या जिन्यात अतिरिक्त ठरते, आणि तिचा मालक एकाच दिवशी कमी शिकलेला व फार शिकलेला असा दोन्ही असतो. महाराष्ट्र एरवी परदेशी परीक्षांच्या बाबतीत कृपण नाही: १८९९ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनिअर रँग्लर, म्हणजे पहिल्या वर्गातला पहिला, ठरलेल्या र. पु. परांजपे यांच्या नावाला त्याने तो मान असा चिकटवला की पुढे फर्गसन कॉलेजचे प्राचार्यपद, मंत्रिपद, कुलगुरुपद अशी पदे येऊनही लोकांच्या तोंडी ते 'रँग्लर परांजपे'च राहिले. मात्र आजच्या पदवीधराला नावाआधी लावायला काही मिळत नाही. त्याला नावानंतर एक प्रश्न मिळतो.

तो प्रश्न म्हणजे, "काय रे, सुट्टीवर आलास की कायमचा?" याची उत्तरे दोनच संभवतात आणि दोन्ही चुकीची असतात. 'सुट्टीवर' म्हटले तर पुढच्या महिन्यात भाजी घेताना गाठ पडण्याचा धोका राहतो; 'कायमचा' म्हटले तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते ती एरवी रुग्णालयाच्या बाकांवरच पाहायला मिळते. खरे कारण सांगावे तर त्यासाठी अमेरिकेच्या कायद्याचे व्याख्यान द्यावे लागते: तेथे पदवीनंतर बारा महिने, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना त्यापुढे चोवीस महिने, काम करण्याची मुभा मिळते, त्यानंतर एच-वन-बी नावाचा व्हिसा लागतो, वर्षाला असे पासष्ट हजार, आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी वीस हजार, एवढीच मर्यादा आहे, अर्ज त्याहून कितीतरी अधिक येत असल्यामुळे अनेक वर्षे निवड संगणकीय सोडतीने होत आली. म्हणजे संख्याशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेला मुलगा संख्याशास्त्राच्याच नियमाने परत येतो. म्हाडाच्या सोडतीत ज्याचे नाव लागले नाही त्याच्याबद्दल साऱ्या आळीला हळहळ वाटते, आणि पुढच्या वेळी नक्की लागेल असा धीरही दिला जातो. एच-वन-बीच्या सोडतीत नाव लागले नाही तर मात्र तो स्वभावाचा दोष समजला जातो, आणि "तिथे जरा मिसळायला हवं होतं" असा निष्कर्ष काढला जातो. आणि ज्याला सोडतीचा काही त्रास नव्हता, जो केवळ घरी यावेसे वाटले म्हणून आला, त्याच्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. त्याने काहीतरी लपवले आहे एवढे सर्वांना कळलेले असते. काय, एवढेच शोधायचे बाकी असते.

घरात परतलेल्याची स्थिती पहिल्या पंधरवड्यात सुधारकाची असते. तो आपले ताट स्वतः विसळू लागतो, त्यामुळे भांडी घासणाऱ्या मावशींना आपली नोकरी धोक्यात आल्याची शंका येते आणि आईला चारचौघांत अपमान झाल्यासारखे वाटते. जर्मनीहून आलेला असेल तर तो कचऱ्याच्या वर्गीकरणावर बोलतो: तेथे कागद, काच, जैविक कचरा यांचे डबे कसे वेगवेगळे असतात, रिकामी बाटली दुकानात परत दिली की अनामत रक्कम कशी परत मिळते, इत्यादी. हे व्याख्यान ज्या माऊलीला दिले जाते ती ओला आणि सुका कचरा वेगळा करून 'स्वच्छ' या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना देत आलेली असते, बाटल्या रद्दीवाल्यासाठी माळ्यावर साठवत असते, आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांची तिच्या ओट्याखाली जी रांग असते तिच्यापुढे कोणत्याही युरोपीय राष्ट्राचे पुनर्वापराचे धोरण फिके पडावे. तिकडचे सारे इकडच्यांना समजावून सांगण्याची ही प्रवृत्ती जुनीच आहे. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांना तर जगातले सर्वच ज्ञान मराठीत समजावून सांगायचे होते, परंतु त्यांनी ते महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांत छापून काढले, ज्यामुळे ऐकणाऱ्याला ग्रंथ मिटून ठेवण्याची सोय राहिली. जेवणाच्या टेबलावर ती सोय नसते. तथापि ही अवस्था टिकत नाही, हेही नोंदवणे न्याय्य ठरेल. साधारण तिसऱ्या आठवड्यात सुधारक सोफ्यावर आडवा होऊन "आई, पाणी" अशी हाक मारताना आढळतो, आणि ताट जागच्या जागी राहते. दोन वर्षांच्या स्वावलंबनाचा असा अंत झाल्याचे घरात सर्वांना समाधान वाटते. मुलगा खरोखर परतला असे आईला त्याच दिवशी वाटते.

शासनाला तसे वाटायला वेळ लागतो. परदेशी असताना भारतातले सिमकार्ड भरले गेले नाही तर काही महिन्यांनी तो क्रमांक बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. बँक, प्राप्तिकर खाते आणि आधार या तिघांनाही ओळख असते ती त्या क्रमांकाची, माणसाची नव्हे. व्यवहार करायचा तर ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक अंक, लागतो, आणि तो कोणा अनोळखी गृहस्थाच्या खिशात वाजत असतो. नवा क्रमांक नोंदवायला बँकेत जावे तर ओळखीसाठी आधार मागतात, आधारवरचा क्रमांक बदलायला केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि ज्या घरात त्याचे बारसे झाले त्याच घरात तो राहतो याचा पुरावा म्हणून वडिलांच्या नावचे विजेचे बिल चालत नाही. मधल्या काळात बाहेर देश पुढे गेलेला असतो. २०१६मध्ये सुरू झालेली यूपीआय, म्हणजे भ्रमणध्वनीवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ पैसे पाठवण्याची सोय, आता अमृततुल्याच्या गल्ल्यापासून मंडईतल्या कोथिंबिरीच्या टोपलीपर्यंत पोहोचली आहे. अशा वेळी वित्तीय तंत्रज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला एक इसम चहाच्या दुकानात नोट पुढे करतो, दुकानदार सुटे नाहीत म्हणून मान हलवतो, आणि शेजारी उभे असलेले निवृत्त काका आपल्या फोनने चौकोन टिपून दोघांचेही पैसे भागवतात. वर विचारतात, "तिकडे नाही का हे?"

आता मूळ प्रायश्चित्ताकडे वळले पाहिजे. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता भरावा लागत नाही. या सवलतीच्या काळात मुद्दल शांत असते पण व्याज मात्र चालूच असते. मोठ्या रकमेसाठी बँक बहुधा घर तारण मागते, त्यामुळे परतलेला मुलगा ज्या गॅलरीत बसून भविष्याचा विचार करतो ती गॅलरी तत्त्वतः बँकेच्या हमीतली असते, आणि वडील भिंतीला खिळा ठोकतानाही क्षणभर थांबतात. डॉलरमध्ये मिळवून रुपयांत फेडायचे या गृहीतकावर कर्ज घेतलेले असते. रुपयांत मिळवून रुपयांतच फेडायचे म्हटल्यावर तीन वर्षांची शास्त्रोक्त मुदत दहा-बारा वर्षांवर जाते. प्राप्तिकर कायद्यात अशा कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते, यावरून शासनालाही हे प्रकरण लवकर आटोपण्याची आशा नसावी असे अनुमान निघते.

मुलाखतीत त्याला 'सीटीसी' सांगितली जाते. सीटीसी म्हणजे नोकराला मिळणारा पगार नव्हे, तर नोकर ठेवल्याबद्दल कंपनीला जे जे सोसावे लागते त्या सर्वांची बेरीज, जिच्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, साधारण पाच वर्षे टिकल्याखेरीज हाती न लागणारी ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, आणि मिळाला तर मिळेल असा बोनस हे सारे मोजलेले असते. उमेदवार मनातल्या मनात त्या आकड्याला डॉलरच्या भावाने भागतो, आणि हा भागाकार त्याने करू नये असे त्याच्या आधी परतलेले सर्वजण सांगतात, जरी त्यांच्यापैकी प्रत्येकाने तो केलेला असतो. मनुष्यबळ विभागाला मात्र त्याच्या विद्येपेक्षा दोन गोष्टींत रस असतो: परत का आलात, आणि पुन्हा जाणार का. विवाहाच्या बोलणीतही हेच दोन प्रश्न याच क्रमाने विचारले जातात, फरक एवढाच की कंपनीला 'नाही जाणार' हे उत्तर हवे असते आणि मुलीच्या मामांना 'जाणार' हे. दोन्हीकडे अर्ज केलेल्या तरुणाला कोणते उत्तर कोणाला दिले याची टिपणे ठेवावी लागतात. मुलगी परतलेली असेल तर प्रश्न आणखी कमी होतात, कारण ती का आली हे सर्वांनी आपापसांत आधीच ठरवलेले असते: लग्नासाठी आली. तिने संगणकशास्त्रात प्रबंध लिहिलेला असो की पुलांच्या रचनेत, परतल्याच्या पहिल्या संध्याकाळी तिला चहाचा ट्रे घेऊन बाहेर पाठवण्याची जी सूचना होते ती विशेष अभ्यासाचा विषय आहे.

या साऱ्या विनोदाची एक मर्यादा येथे सांगितली पाहिजे, कारण तो ज्यांना परतायला घर आणि शहर दोन्ही आहे त्यांचाच विनोद आहे. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. भीमराव आंबेडकर १९१७ साली करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि खरी ओळख कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. पदवी कितीही मोठी असली तरी समुद्राअलीकडे आधी आडनाव वाचले जाते, ही गोष्ट खोली भाड्याने देणाऱ्या काही घरमालकांनी आजही जपून ठेवलेली आहे, आणि तिच्यात हसण्यासारखे काही नाही.

इतरांच्या बाबतीत समाज परतलेल्याला सामावून घेतो तो बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मार्गाने. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार प्रत्येक संस्थेला व्यवस्थापन समिती लागते, समितीला सचिव लागतो, आणि सचिव व्हायला कोणीही तयार नसते. अशा वेळी तिसऱ्या मजल्यावर एक तरुण आहे, इंग्रजी चांगले आहे, आणि सध्या दिवसा घरीच असतो, ही बातमी अध्यक्षांच्या कानी जाते. वार्षिक सर्वसाधारण सभेत त्याचे नाव एकमताने संमत होते, कारण विरोध केल्यास पर्याय सुचवावा लागतो. परतल्यानंतरचे त्याचे हे पहिले पद. ते बिनपगारी असते, परंतु मागील सभेचे इतिवृत्त लिहिणे, पाण्याच्या टाकीवरून चाललेले भांडण तीन ओळींत निःपक्षपातीपणे नोंदवणे, आणि गच्चीच्या गळतीचा खर्च कोणी सोसावा यावर वकिलाचे मत मागवणे या कामांत त्याला असे काही प्रशिक्षण मिळते की तेथील व्यवस्थापनशास्त्राच्या दोन सत्रांत ते मिळाले नव्हते. नोकरीही यथावकाश लागते. फोनवर ओटीपी येऊ लागतात. तो रिक्षावाल्याला 'थँक यू' म्हणायचे सोडतो, रस्ता ओलांडताना हात दाखवून वाहनांना थांबवू लागतो, आणि 'तिकडे' या शब्दाने सुरू होणारी वाक्ये त्याच्या बोलण्यातून हळूहळू गळून पडतात.

शुद्धी पूर्ण झाल्याची खूण मात्र त्याला स्वतःला कळत नाही; ती एखाद्या मुंजीच्या पंगतीत मिळते. शेजारच्या पानावर बसलेल्या, लांबच्या नात्यातल्या एखाद्या काकू मठ्ठ्याची वाटी बाजूला सरकवत त्याची चौकशी करतात, नोकरी कुठे, घर कुठे, आई कशी आहे हे सारे विचारून होते, आणि मग त्या खऱ्याखुऱ्या आपुलकीने म्हणतात, "एवढा हुशार मुलगा तू, बाहेर जाऊन शिकायचं नाही का रे कधी मनात आलं? आमच्या जावेचा धाकटा आत्ताच गेला." त्या दिवशीच्या कर्जाच्या हप्त्याचा संदेश त्याच्या फोनवर तेवढ्यात आलेला असतो, पण तो काकूंना दाखवावा की जिलबी आणखी एक घ्यावी, यात तो जिलबी घेतो.